मोटारगाडीच्या तळभागाचे गंजरक्षण

मोटारगाडीचा जमिनीकडील भाग बव्हंशी पोलादाचा असतो. ओलावा, चिखल व क्षार यांच्या संपर्काने तो गंजतो. हे गंजणे टाळण्यासाठी अथवा त्याची गती कमी करण्यासाठी गाडीच्या निर्मितीच्या वेळी व पुढे वापरात असताना जे उपाय योजतात, त्यांना तळभागाचे गंजरक्षण म्हणतात. गाडीच्या बाहेरील पत्र्यावर उठलेला गंज मालकाच्या नजरेस लगेच येतो आणि बहुधा तो केवळ शोभेला बाध आणतो. तळभागावरील गंज मात्र दृष्टीआड वाढतो. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, चाके तोलून धरणारे दुवे व स्प्रिंगा यांचे आधार आणि गाडीच्या देहाचे मुख्य भारवाही भाग तळाशीच असतात. त्यामुळे येथील गंजाचा संबंध गाडीच्या किंमतीपेक्षा प्रवाशांच्या सुरक्षिततेशी अधिक आहे.

तळभागाची रचना : मालमोटारी, बसगाड्या व जीप यांसारख्या वाहनांत जाड पोलादी पट्ट्यांची चौकट म्हणजे चॅसिस असून तिच्यावर देह बसवितात. प्रवासी मोटारींत बहुधा अशी वेगळी चौकट नसते. पातळ पत्रे दाबयंत्रावर आकारून व ठिपकेजोडाने एकमेकांस जोडून पेटीसारखा एकसंध देह तयार करतात व तोच सर्व भार पेलतो. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या एके काळी भारतात सर्वत्र दिसणाऱ्या मोटारी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० ही मोटार याच पद्धतीच्या होत्या. अशा देहाचे पत्रे सु. १ मिमी. वा त्याहूनही कमी जाडीचे असतात. चॅसिसच्या जाड पट्टीचा अर्धा मिलिमीटर गंजाने गेला, तरी तिचे बळ फारसे उणावत नाही. एकसंध देहाच्या पत्र्याची तेवढीच जाडी गेली, तर त्याचे निम्मे बळ नाहीसे होते.

पातळ पत्र्यास ताठपणा यावा म्हणून त्याच्या पोकळ पेट्या बनवितात. दाराखालचे उंबरे, आडव्या पट्ट्या व चाकांवरील कमानींचे दुहेरी पत्रे ही त्यांची उदाहरणे होत. दोन पत्रे जेथे एकावर एक येतात तेथे बारीक फट राहते. अशा फटींत व पोकळींत पाणी सहज शिरते. पण वारा पोहोचत नसल्याने ते लवकर सुकत नाही. म्हणून गंज बहुधा उघड्या सपाट पत्र्यावर सुरू न होता जोड, कड, कोपरा वा पोकळी यांपासून सुरू होतो.

गंजण्याची क्रिया : गंजणे ही विद्युत् रासायनिक क्रिया आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर साचला की, पृष्ठभागाचे काही भाग धनाग्रासारखे व काही ऋणाग्रासारखे वागू लागतात आणि असंख्य सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. धनाग्री लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतून ऋणाग्राकडे जातात व तेथे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाशी संयोग होऊन हायड्रॉक्सिल आयन बनतात. दोन्ही प्रकारचे आयन एकत्र येऊन प्रथम लोखंडाचे हायड्रॉक्साइड व नंतर अधिक ऑक्सिडीकरणाने तांबूस सजल ऑक्साइड म्हणजे गंज तयार होतो. पाणी व ऑक्सिजन यांपैकी एक नसेल, तर ही क्रिया चालत नाही. [→ संक्षारण].

केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक रिचर्डसन एव्हान्झ यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब पोलादाच्या पृष्ठभागावर ठेवून ही क्रिया दाखवून दिली. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन भरपूर मिळतो, तर मध्यभागी तो कमी पडतो. त्यामुळे कड ऋणाग्र व मध्यभाग धनाग्र बनतो आणि धातू झिजतो तो मध्यभागी. व्यवहारातील एक महत्त्वाची गोष्ट यावरून स्पष्ट होते. ज्या जागी ऑक्सिजन कमी पोहोचतो तीच जागा खोलवर खाल्ली जाते. चिखलाच्या ढेपेखाली, सैल झालेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली व पत्र्यांच्या फटीत नेमकी हीच स्थिती असते.

अॅल्युमिनियमावरील ऑक्साइडाप्रमाणे गंजाचा थर घट्ट व अभेद्य नसतो. तो सच्छिद्र असून ओलावा धरून ठेवतो. तो ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या मानाने त्याचे आकारमान दुपटीहून पुष्कळ अधिक असते. त्यामुळे फटीत तयार झालेला गंज दोन पत्र्यांना पाचरीसारखा दूर सारतो, वरील रंग उचलतो व पाण्यास नवी वाट करून देतो.

ओलाव्याचा काळ : स्वच्छ पोलाद केवळ हवेत ठेवले असता हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांच्या खाली असेतोवर ते जवळजवळ गंजत नाही. ही मर्यादा ओलांडली की, गंजण्याची गती झपाट्याने वाढते, असे डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांत आढळले. यावरून ‘ओलाव्याचा काळ’ ही कल्पना पुढे आली. तापमान ०° से.हून अधिक व सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असलेले वर्षातील एकूण तास म्हणजे ओलाव्याचा काळ, असे मानण्याचा प्रघात आहे. एखाद्या ठिकाणी पाऊस किती पडतो यापेक्षा धातू किती तास ओला राहतो, यावर गंजाचे प्रमाण अधिक अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने हवेच्या संक्षारकतेचे वर्ग ठरविले आहेत. त्यांनुसार सौम्य हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी १·३ ते २५ मायक्रोमीटर, मध्यम हवेत २५ ते ५० मायक्रोमीटर, तर अतितीव्र संक्षारक हवेत ८० ते २०० मायक्रोमीटर झिजते (१,००० मायक्रोमीटर म्हणजे १ मिमी.). भारतात कारैक्कुडी (तमिळनाडू) येथील केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांत धातूंच्या पट्ट्या उघड्यावर ठेवून त्यांची झीज मोजली व देशाचा संक्षारण नकाशा तयार केला. समुद्रकिनाऱ्यावरील व अंतर्भागातील ठिकाणांत मोठी तफावत असल्याचे अशा मापनांवरून दिसून आले आहे.

मिठाचा परिणाम : मीठ स्वतः लोखंडास खात नाही, ते गंजण्याची क्रिया सुलभ करते. एक तर विरघळलेल्या मिठामुळे पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि सूक्ष्म विद्युत् घटांतील प्रवाह वाढतो. दुसरे, क्लोराइड आयन धातूवरील पातळ संरक्षक थर भेदतात. तिसरे, मीठ हवेतील बाष्प शोषून घेते. खाण्याचे मीठ सु. ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस पाझरू लागते, तर मॅग्नेशियम क्लोराइड सु. ३३ टक्क्यांसच पाझरते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडाचा अंश असतो. त्यामुळे मिठाची पुटे चढलेला पत्रा इतर पत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक तास ओलसर राहतो.

उत्तर अमेरिका व यूरोप यांतील थंड प्रदेशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो. योग्य प्रमाणातील मीठ व पाणी यांचे मिश्रण सु. –२१° से.पर्यंत द्रवरूप राहू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि तेथील मोटारींच्या तळभागाचा गंज हा मोठा प्रश्न बनला. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव दर हिवाळ्यात येतो. मीठ लागलेली गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवल्यास ती बाहेरच्या कडाक्याच्या थंडीतील गाडीपेक्षा लवकर गंजते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, तर उबेत बर्फ वितळून क्षार पुन्हा कार्यरत होतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रसंग येत नाही, परंतु मिठाशी संबंध अन्य मार्गांनी येतो. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात. किनाऱ्यापासून जसजसे आत जावे तसतसे त्यांचे प्रमाण झपाट्याने कमी होते. कोकणातील पावसाचे वार्षिक प्रमाण बहुतेक ठिकाणी २,५०० मिमी.हून अधिक असल्याने तेथे क्षार व दीर्घकाळ टिकणारा ओलावा एकत्र येतात. मासळी व मीठ वाहून नेणाऱ्या गाड्यांतून खारे पाणी झिरपते आणि त्यांच्या चॅसिसचे मोठे नुकसान करते. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजलच खारट आहे. अशा पाण्याने धुतलेल्या गाडीवर समुद्रापासून शेकडो किमी. अंतरावरही मिठाचे थर चढू शकतात.

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे नाव औरंगाबाद) येथील परिस्थिती याहून वेगळी असून या विषयाच्या दृष्टीने ती बोधप्रद आहे. मोटार उद्योगाचे हे एक महत्त्वाचे केंद्र आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा दुचाकी व तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा मोटारींची व पुढे ऑडी मोटारींचीही जुळणी होऊ लागली. चिकलठाणा येथे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा असून दापोडी (पुणे) व हिंगणा (नागपूर) येथील कार्यशाळांप्रमाणे तेथे एस. टी. बसगाड्यांची बांधणी होते. शहर समुद्रसपाटीपासून सु. ५७० मी. उंचीवर व किनाऱ्यापासून दूर आहे. वार्षिक पाऊस सु. ७०० मिमी. असून तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता बहुधा तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. हवेचा विचार करता पोलादास हे ठिकाण अनुकूल आहे. येथे उघड्यावर टांगलेली पट्टी कोकणातील पट्टीच्या मानाने पुष्कळ कमी गंजेल.

तरीही येथील गाड्यांचे तळभाग गंजतात. याचे कारण असे की, गाडीचा तळभाग शहराच्या हवेत नसतो. तो स्वतःचे वेगळे हवामान बाळगून असतो. मराठवाड्यातील काळी मृदा बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते व ते दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरून जाणाऱ्या गाडीच्या चाकांच्या कमानींत, उंबऱ्यांच्या कडांवर व आडव्या पट्ट्यांवर या मातीचे लपके बसतात. त्यांचा पृष्ठभाग एका दिवसात सुकलेला दिसतो. पण पत्र्यालगतचा थर कित्येक दिवस ओला राहतो. पाऊस थांबून रस्ते कोरडे झाले, तरी या लपक्याखालचा पावसाळा संपलेला नसतो. पत्र्यांच्या पोकळ्यांतील पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे हीच माती बुजवून टाकते. कूपनलिकेचे जड पाणी गाडी धुण्यासाठी वापरल्यास ते सुकल्यावर क्षारांची पुटे मागे राहतात.

म्हणून कोरड्या प्रदेशात गाडी गंजत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. तेथे गंज हवेमुळे होत नाही, तर साचलेल्या ओलाव्यामुळे होतो. आणि साचलेला ओलावा हा हवेप्रमाणे अटळ नसून दूर करता येण्यासारखा असतो.

कारखान्यातील संरक्षण : आधुनिक मोटारींचे गंजरक्षण मुख्यतः निर्मितीच्या वेळीच होते. त्याचे पुढीलप्रमाणे टप्पे असतात.

(१) जस्तलेपित पत्रा : जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखडा पडून पोलाद उघडे झाले, तरी आधी जस्त झिजते व पोलाद वाचते. १९७५–७६ पासून पोर्शे या जर्मन कंपनीने आपल्या मोटारींचा संपूर्ण देह जस्तलेपित पत्र्याचा बनविण्यास प्रारंभ केला. १९८५ च्या सुमारास ऑडीनेही ही पद्धत स्वीकारली. पुढे ती सर्वत्र पसरली. मात्र जस्त आधी झिजते याचा अर्थच असा की, ते कधी तरी संपते.

(२) फॉस्फेटीकरण : धुऊन स्वच्छ केलेला देह जस्त फॉस्फेटाच्या विद्रावातून काढतात. त्यामुळे पत्र्यावर बारीक स्फटिकांचा थर बसतो व त्यावर रंग घट्ट धरतो. पोलादावरील फॉस्फेट प्रक्रियेचे पहिले यशस्वी एकस्व टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ साली घेतले.

(३) विद्युत् निक्षेपित अस्तर : सर्व देह एपॉक्सी रेझिनाच्या पाण्यातील मिश्रणात बुडवून त्यातून विद्युत् प्रवाह सोडतात. रंगद्रव्याचे विद्युत् भारित कण पत्र्याच्या प्रत्येक उघड्या भागाकडे ओढले जातात; जेथे थर बसला तेथे प्रवाह अडतो व उरलेले कण अजून उघड्या राहिलेल्या कोपऱ्यांकडे वळतात. त्यामुळे फवाऱ्याने न पोहोचणाऱ्या पोकळ्यांतही लेप बसतो. ही पद्धत १९६० नंतर अमेरिकेत प्रचारात आली. प्रथम देहास धनाग्र करीत. १९७० नंतर देहास ऋणाग्र करण्याची अधिक परिणामकारक पद्धत रूढ झाली.

(४) सांधेभरणी व तळलेप : जोडांच्या फटी लवचिक द्रव्याने बुजवितात व चाकांच्या कमानी आणि तळाचा पत्रा यांवर पीव्हीसी प्लॅस्टिकचा जाड थर देतात. खडीचे मारे झेलणे हे या थराचे मुख्य कार्य आहे.

(५) पोकळ्यांतील मेण : उंबरे व पेट्या यांच्या आत पातळ मेणाचा फवारा मारतात. मेण केशाकर्षणाने फटींत शिरते व तेथील पाणी बाहेर सारते.

दोन भिन्न धातू ओल्या अवस्थेत एकमेकांस टेकल्यास अधिक क्रियाशील धातू वेगाने झिजतो. एस. टी. बसगाड्यांचे देह दीर्घकाळ अॅल्युमिनियमाच्या पत्र्याचे व चॅसिस पोलादाचे असे. अलीकडे पोलादी देहाच्या गाड्याही बांधल्या जातात. मिश्र रचनेत दोन्ही धातूंमध्ये रबर, रंग वा अन्य विद्युत् निरोधक थर ठेवणे आवश्यक असते. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही तळाशी बॅटरीची अॅल्युमिनियमाची पेटी व पोलादी बोल्ट एकत्र येत असल्याने हाच नियम पाळावा लागतो.

नंतर द्यावयाचे लेप : गाडी विकत घेतल्यावर गॅरेजमध्ये तळास काळा लेप मारून घेण्याची पद्धत भारतात रूढ आहे. अशा लेपांचे तीन मुख्य प्रकार आहेत. डांबरी वा बिट्युमेनयुक्त लेप स्वस्त असून जाड बसतो व आवाजही कमी करतो. परंतु काही वर्षांनी तो कडक होऊन तडकतो. रबरयुक्त लेप अधिक लवचिक असतो व खडीचा मार चांगला सोसतो. मेण, तेल वा मेंढीच्या लोकरीपासून काढलेली ऊर्णवसा यांचे लेप मऊ राहतात, फटींत झिरपतात व ओरखडा पडल्यास काही अंशी स्वतःच मिटतात; मात्र ते धुऊन जात असल्याने दर एकदोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागतात.

लेपाची उपयुक्तता त्याच्या जाडीपेक्षा त्याखालील पृष्ठभागावर अवलंबून असते. स्वच्छ, कोरड्या व गंजमुक्त पत्र्यावर दिलेला लेप पाणी बाहेर ठेवतो. ओल्या वा गंजलेल्या पत्र्यावर दिलेला तोच लेप पाणी आत कोंडतो. तडकलेल्या डांबरी थराखाली एकदा पाणी शिरले की, ते बाहेर पडत नाही. ऑक्सिजनाचा पुरवठा कमीअधिक होऊन एव्हान्झ यांच्या थेंबाचीच स्थिती तेथे मोठ्या प्रमाणावर निर्माण होते. वरून काळाभोर व नवा दिसणारा तळ आतून पोखरला जातो. जुन्या गाडीची विक्री करण्यापूर्वी मारलेला ताजा काळा लेप म्हणून संशयास्पद मानावा. विशेषतः किनाऱ्यावर वापरलेली गाडी कोरड्या प्रदेशात विकत घेताना तिचा तळ लेप नसलेल्या जागीही तपासणे आवश्यक असते. कारण गाडीबरोबर तिच्या फटींतील मीठही आलेले असते.

एंजिनातून काढलेले जळके तेल तळास व पाट्यांच्या स्प्रिंगांस फासण्याची जुनी रीत आहे. तेलाने पाणी काही काळ दूर राहते हे खरे; परंतु वापरलेल्या तेलात आम्ले व धातूंचे कण असतात, ते रबरी भाग फुगविते, ब्रेकवर गेल्यास धोका उत्पन्न करते, धूळ धरते आणि ठिबकून माती व पाणी दूषित करते. म्हणून ही रीत सोडून द्यावी.

बॅटरीस जोडावयाच्या विद्युत् गंजरोधक साधनांचाही प्रचार केला जातो. जहाजे व जमिनीत पुरलेल्या नळवाहिन्या यांना विद्युत् प्रवाहाने संरक्षण देता येते. कारण त्या पाणी वा ओली माती या अखंड विद्युत् विच्छेद्यात बुडालेल्या असतात. मोटारगाडीभोवती असे अखंड माध्यम नसल्याने प्रवाहाचे मंडल पूर्ण होत नाही. त्यामुळे या साधनांवर विसंबणे योग्य नव्हे.

देखभाल : महाराष्ट्रातील हवामानात देखभालीचे वेळापत्रक पावसाळ्याभोवती आखणे सोयीचे असते. मे महिन्यात तळ धुऊन व पूर्ण सुकवून तपासावा. रंग उडालेल्या जागा तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने धातू दिसेपर्यंत घासाव्यात. खोल खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अम्लयुक्त गंजपरिवर्तक लावता येतो. त्यावर जस्त फॉस्फेटयुक्त वा एपॉक्सी अस्तर व ते सुकल्यावर वरचा लेप द्यावा. रेड ऑक्साइडचे अस्तर स्वस्त व सर्वत्र मिळणारे आहे. परंतु ते एकटेच ठेवल्यास पाणी फार काळ थोपवीत नाही. पोकळ्यांत मेणाचा फवारा याच वेळी मारावा. सायलेन्सर व त्याची नळी, ब्रेकच्या तबकड्या, फिरणारे दांडे, रबरी भाग व विजेच्या जोडण्या यांवर लेप लावू नये; तापणाऱ्या भागांवरील डांबरी लेप पेट घेण्याचा धोका असतो.

पावसाळ्यात चिखलातून प्रवास झाल्यास लपके सुकून घट्ट होण्यापूर्वी पाण्याच्या झोताने काढावेत. झोत चाकांच्या कमानींच्या आतील ओठावर, उंबऱ्यांच्या कडेवर व आडव्या पट्ट्यांच्या वरच्या बाजूवर मारणे महत्त्वाचे असते. केवळ वरून गाडी चकचकीत केल्याने तळास काही लाभ होत नाही. दारांच्या व उंबऱ्यांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे लाकडी काडीने मोकळी करावीत. लोखंडी तारेने छिद्राभोवतीचा रंग खरवडला जातो. धुतल्यावर गाडी काही किमी. चालविल्यास वाऱ्याने तळ सुकतो. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून ती ठेवू नये. कोकणच्या पुळणीवर गाडी नेऊ नये; गेल्यास त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवावा, कारण परतीच्या प्रवासात घाट चढून कोरड्या हवेत आल्यानेही फटींतील मीठ नाहीसे होत नाही. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, तळाची पुन्हा तपासणी करावी.

तपासणी व धोक्याच्या खुणा : तपासणीसाठी गाडी उच्चालकावर वा भक्कम आधारांवर घ्यावी, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. पृष्ठभागावरील तांबूस छटा विशेष चिंतेची नसते. रंगाखाली उठलेले फोड, पापुद्र्यांनी सुटणारा गंज व जोडातून ओघळलेले तांबडे डाग ही आत गंज असल्याची चिन्हे होत. लाकडी मुठीने ठोकले असता निरोगी पत्रा खणखणतो, तर गंजलेला बद्द आवाज करतो. बोथट अणकुचीने दाबल्यावर पत्रा दबला अथवा भोक पडले, तर तो भाग भार पेलण्यास निरुपयोगी समजावा.

ब्रेकच्या तेलाच्या पोलादी नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्या बोटाएवढ्याही जाड नसतात. परंतु पाय दाबताच त्यांत मोठा दाब निर्माण होतो. नळ्या ज्या पकडींनी तळास बसविलेल्या असतात त्या पकडींखाली माती साचते व नळी तेथेच खाल्ली जाते. रोजच्या हलक्या वापरात अशी नळी टिकून राहते आणि संकटकाळी ब्रेक जोराने दाबल्यावर फुटते. खवले सुटलेली नळी दुरुस्त न करता बदलावी. काही यूरोपीय निर्माते यासाठी न गंजणाऱ्या तांबे–निकेल मिश्रधातूच्या नळ्या वापरीत आले आहेत.

भारवाही भागास भोक पडल्यास वर पत्र्याचे ठिगळ अथवा पुट्टी लावणे हा उपाय नव्हे. गंजलेला भाग निरोगी धातूपर्यंत कापून काढून त्या जागी योग्य जाडीचा पत्रा वितळजोडकामाने बसवावा लागतो. जोडकामाच्या उष्णतेने दोन्ही बाजूंचा लेप जळतो. म्हणून आतील बाजूस पुन्हा मेण वा लेप दिला नाही, तर नवा जोड जुन्या पत्र्याच्या आधी गंजतो. इंधनाच्या टाकीजवळ जोडकाम करण्यापूर्वी टाकी काढणे व बॅटरी सोडविणे आवश्यक असते.

भारतात व्यापारी वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारींची नोंदणी मात्र पहिल्यांदा १५ वर्षांसाठी होते व त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते. म्हणजे खाजगी गाडीचा तळ पंधरा पावसाळे कोणत्याही सक्तीच्या तपासणीविना काढू शकतो. या काळात त्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर असते. ती पार पाडण्यास महागड्या लेपापेक्षा पाण्याचा झोत, मोकळी छिद्रे, कोरडी जागा आणि वर्षातून दोनदा गाडीखाली टाकलेली नजर यांचा उपयोग अधिक होतो. धातूचे ओले तास कमी करणे, हेच तळभागाच्या गंजरक्षणाचे मूलसूत्र होय.